मोरचुदातला खिळा आणि मिश्रधातूचा मुलामा

नंदुरबार-शहाद्याकडच्या शेतकऱ्याला मोरचूद नवे नाही. बोर्डो मिश्रणासाठी ते लागतेच. त्याच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला की तो तांबूस होतो. हा प्रयोग वर्गात झाला की खिळा बोटाने पुसून पाहायला आम्ही आवर्जून सांगतो. तांबे बोटाला लागून येते! थर चढवणे सोपे, तो टिकवणे अवघड.

बर्मिंगहॅमच्या जॉन राइट या डॉक्टरला यावर उपाय सापडला. सोन्याचांदीचे क्षार पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात विरघळवून वीज सोडली, तर थर घट्ट बसतो. एल्किंग्टन या चुलतभावांनी १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. याच विषारी द्रावणाने मिश्रधातूंची वाटही मोकळी केली. साध्या क्षारांच्या द्रावणात तांबे आणि जस्त एकत्र असले, तर तांबे आधी उतरते, जस्त मागे राहते. कारण त्यांची प्रमाण विभवे +०.३४ आणि −०.७६ व्होल्ट, म्हणजे १.१ व्होल्टचे अंतर. सायनाइड तांब्याच्या आयनांना जस्तापेक्षा कितीतरी घट्ट धरून ठेवते आणि हे अंतर बरेचसे मिटते. मग दोन्ही धातू बरोबर उतरतात व पितळेचा थर मिळतो.

पण हत्यारांना पितळ काय कामाचे? तिथे कठीणपणा हवा. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी क्रोमिक आम्लात वजनाने सुमारे शंभरास एक एवढेच सल्फेट ठेवून क्रोमियमचा भरवशाचा थर मिळवला. साचे, गेज यांचे आयुष्य वाढले. मात्र या टाकीत बहुतेक वीज हायड्रोजन काढण्यातच खर्च होते. त्याचे बुडबुडे फुटले की षट्संयुजी क्रोमियमचे तुषार कामगाराच्या श्वासात जातात. त्याने नाकाच्या पडद्याला भोक पडते, फुप्फुसाचा कर्करोगही होऊ शकतो. आपल्या जिल्ह्यातून गुजरातेत कामाला जाणाऱ्या मुलांपैकी एखादा अशा टाकीपाशी उभा राहू शकतो, म्हणून एवढे सांगितले. युरोपीय संघाने २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरण्यास खास परवानगीची अट घातली.

पर्यायांचा शोध पुन्हा मिश्रधातूंकडे वळला आहे. टंगस्टन हे त्यातले मोठे विक्षिप्त मूल. पाण्याच्या द्रावणातून ते एकटे उतरतच नाही; निकेल किंवा कोबाल्ट सोबतीला असले की खुशाल उतरते! अमेरिकेच्या अब्नेर ब्रेनर यांनी १९६३ च्या आपल्या द्विखंडी ग्रंथात अशा वर्तनाला ‘प्रेरित सहनिक्षेपण’ या अर्थाचे नाव दिले. ते नेमके कसे घडते, यावर रसायनशास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही.