ताटातून आलेला वारसा

चाकण पट्ट्याचा इतिहास आपण संपादित जमिनी, कारखाने आणि रस्ते यांच्या हिशेबात लिहितो. याच पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत 1993 साली एका वेगळ्या इतिहासाची नोंद सुरू झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी विवाहित स्त्रियांची पाहणी हाती घेतली आणि त्या गरोदर राहिल्यावर त्यांचा आहार, कष्ट आणि रक्तातील घटक यांची मोजदाद केली.

मधुमेहाचे मूळ जनुकांत शोधण्याकडे तेव्हा अनेकांचा कल होता. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर मात्र ते गर्भावस्थेत शोधत होते. पुण्याच्या पाहणीने त्या विचाराला नवे वळण दिले. इथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे 2.7 किलो, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो होते. पण इथल्या बाळांचे स्नायू कमी भरले, तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बाळ दिसायला रोड, आतून स्थूल!

आईने किती उष्मांक खाल्ले, याच्याशी बाळाच्या वजनाचा ठळक संबंध दिसला नाही. दूध, पालेभाज्या आणि फळे यांच्याशी दिसला. शेतात-घरात जास्त राबणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान भरली. पुढे 2008 साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या मातांच्या रक्तात बी-12 कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते.

ही दोन्ही जीवनसत्त्वे डीएनएवर मिथाइल गट बसवण्याच्या प्रक्रियेत लागतात. त्यामुळे जनुकाची अक्षरे बदलत नाहीत. ते किती काम करणार, हे बदलू शकते. 1944-45च्या डच उपासमारीत गर्भात असलेल्यांच्या डीएनएवर सहा दशकांनंतरही असा फरक आढळला.

जनुके यामुळे गौण ठरत नाहीत. पण 'आमच्या घराण्यातच साखर आहे' असे म्हणताना आपण फक्त रक्ताचा विचार करतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर सुनेच्या ताटात काय उरत होते, हेही घराण्यातूनच येते.

त्या पाहणीतली मुले आज तिशीत आहेत. त्यांच्यातल्याच मुलामुलींना किशोरवयापासून बी-12 देऊन पुढच्या पिढीवर होणारा परिणाम पाहण्याचा प्रयोग 2012 साली सुरू झाला. कारखान्याच्या दवाखान्यात कामगाराची साखर तपासणे आवश्यकच आहे. पण प्रतिबंधाची सुरुवात शाळकरी मुलीच्या ताटापासून व्हायला हवी.