मोजणीतील त्रुटी : भूखंड कागदावर एक, जागेवर दुसरा

घाटकोपरसारख्या उपनगरात जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, की भूखंडाच्या क्षेत्रफळाचा प्रश्न निघतो. खरेदीखत, मिळकत पत्रिका व प्रत्यक्ष मोजणी यांतील आकडे अनेकदा जुळत नाहीत. बांधकामाचे चटईक्षेत्र भूखंडाच्या क्षेत्रफळावर ठरत असल्याने हा फरक रहिवाशांच्या पदरात पडणाऱ्या जागेपर्यंत पोहोचतो. त्यामागे दरवेळी लबाडीच असते असे नाही. भूमापनशास्त्रात मोजणीच्या त्रुटींचे तीन प्रकार मानले जातात.

ढोबळ चुका : फितीवरील ६ हा आकडा ९ वाचणे, एक साखळी मोजायची राहणे, चुकीची खूण हद्द समजणे इत्यादी. त्यांना कोणताही नियम नसतो. फेरमोजणी हाच उपाय. चौकोनी भूखंडाच्या आतील कोनांची बेरीज ३६० अंश भरते की नाही, हे पाहिल्यास कोनांतील चूक उघड होते.

संचयी त्रुटी : ही एकाच दिशेने वाढत जाते. ३० मीटरची फीत ताणून २ सेंटिमीटर लांब झाली असेल, तर ३०० मीटर अंतर २० सेंटिमीटरने कमी भरते. क्षेत्रफळात तिचे प्रमाण दुप्पट होते. १,००० चौरस मीटरच्या भूखंडात सुमारे १४ चौरस फूट कमी दिसतात. उष्णतेने पोलाद प्रसरण पावते, म्हणून तापमानाचीही दुरुस्ती करावी लागते. असल्फा, पार्कसाइट येथील टेकड्यांवर उताराची त्रुटी महत्त्वाची ठरते. नकाशातील क्षेत्र आडव्या पातळीतील असते. उतारावर मोजलेल्या ३० मीटरमध्ये ३ मीटरचा चढ असल्यास आडवे अंतर १५ सेंटिमीटरने कमी असते.

यादृच्छिक त्रुटी : हाताचा कंप, नजरेचा किंचित फरक यांमुळे ती कधी अधिक, कधी उणी येते व बरीचशी एकमेकींत जिरते. प्रत्येक फितीमागे ३ मिलिमीटरची त्रुटी धरली, तरी दहा फितींनंतर ती ३० नव्हे, साधारण साडेनऊ मिलिमीटर अपेक्षित असते.

मोजणी बिघडल्याचे परिणाम महाराष्ट्राने पूर्वीच भोगले आहेत. पुणे प्रांतात प्रिंगल यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली पाहणी सदोष ठरली. त्यावर आधारलेला सारा रयतेला पेलेना. अखेर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापुरातून नव्याने काम सुरू केले.

आज टोटल स्टेशन व उपग्रहाधारित रोव्हर वापरात आहेत. मात्र उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहाचे संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन स्थान चुकू शकते.

मोजणी मान्य नसल्यास निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते. अभिलेखातील लेखनदोषांच्या दुरुस्तीची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे. विकासकाशी करार करण्यापूर्वीच सोसायटीने तिन्ही आकडे ताडून पाहणे हिताचे.