दुर्बीण ते रोबो : ऑपरेशन थिएटरमधले डिजिटल तंत्र, आणि 'हो' म्हणण्याआधी विचारायचे प्रश्न

कामरेज (जि. सुरत) : मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून सुरत शहरात शिरणारी वाट कामरेज चार रस्त्यावरून फुटते. महामार्गाने सुरतच्या मोठ्या दवाखान्यांकडे निघालेले कितीतरी पेशंट याच चौकात वळतात. खान्देशातले लोक सोनगड-व्यारा-बारडोलीच्या रस्त्याने किंवा ताप्ती लाईनच्या गाडीने येतात. ज्या नवापूर स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, तिथून सुरत जवळ आणि पुणे-मुंबई लांब. उधना, लिंबायत, डिंडोलीत नातेवाईक असतात, त्यामुळे राहण्या-जेवणाची सोय होते. हल्ली मात्र दवाखान्यात गेल्यावर एक नवा प्रश्न समोर येतो : "साधे ऑपरेशन करायचे, दुर्बिणीने करायचे की रोबोने?" उत्तर देण्याआधी या शब्दांचा अर्थ समजून घेतलेला बरा.

सुरुवात फोटोपासून

शस्त्रक्रियेतला डिजिटल भाग पेशंट टेबलावर जाण्याच्या आधीच सुरू होतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा एका पेशंटच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. हे यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि त्यामागचे गणित मांडणारे अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले. कापण्याआधी आत काय आहे हे डॉक्टरला दिसू लागले, हा मोठा बदल होता.

आज सीटी आणि एमआरआयचे फोटो 'डायकॉम' नावाच्या ठराविक पद्धतीच्या फाईलमध्ये साठवले जातात. नंदुरबारला काढलेला स्कॅन सुरतच्या कॉम्प्युटरवर उघडतो तो यामुळेच. डॉक्टर तो फिरवून, मोठा करून, हाड आणि रक्तवाहिन्या वेगळ्या करून पाहू शकतात. छापील फिल्मवर हे होत नाही. म्हणून स्कॅन सेंटरमधून फिल्म आणि रिपोर्टसोबत सीडी किंवा पेनड्राइव्हही मागून घ्यावा. तो नसला तर तोच स्कॅन पुन्हा काढायची वेळ येऊ शकते.

दुर्बिणीचे ऑपरेशन

पोटाला मोठा छेद न देता तीन-चार लहान छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारे आत घालायची आणि पडद्यावर बघून काम करायचे, याला आपण दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणतो. भारतात पित्ताशय दुर्बिणीने काढण्याची सुरुवात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये तिथे हे ऑपरेशन केले. म्हणजे हे तंत्र भारतात आधी सरकारी दवाखान्यातल्या गरीब पेशंटसाठी वापरले गेले.

पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, हर्निया यांत याचा फायदा आता सिद्ध आहे. दुखणे कमी, घरी लवकर, कामावर लवकर. रोजंदारीवरच्या माणसाला हे चार-पाच दिवसही महत्त्वाचे असतात.

रोबो स्वतः ऑपरेशन करत नाही

हा सर्वात मोठा गैरसमज आहे. पोटाच्या किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये वापरला जाणारा रोबो म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचे यंत्र. 'दा विंची' या प्रसिद्ध यंत्राला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. डॉक्टर त्याच खोलीत थोड्या अंतरावर बसतात, त्यांना आतले दृश्य खोलीसह, मोठे करून दिसते. त्यांची बोटे हलतात तशी आतली हत्यारे हलतात. हाताचा बारीक कंप यंत्र गाळून टाकते, आणि हत्यार मनगटासारखे वळते. अरुंद जागेत टाके घालताना याचा उपयोग होतो.

गुडघे बदलण्याचा रोबो वेगळा. त्यात स्कॅनवरून किंवा ऑपरेशनच्या वेळी घेतलेल्या मापांवरून हाड किती आणि कुठे कापायचे हे कॉम्प्युटरवर ठरते. काही यंत्रांत ठरलेल्या हद्दीबाहेर करवत गेली तर यंत्र तिला अडवते. कृत्रिम सांधा अचूक कोनात बसण्यास मदत होते. पण साध्या पद्धतीने, अनुभवी हाताने बसवलेल्या सांध्यापेक्षा तो जास्त वर्षे टिकतो, हे अजून सिद्ध झालेले नाही.

लहान छेद नेहमीच चांगला का?

नाही. इथे घाई करू नये. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दुर्बीण किंवा रोबोने ऑपरेशन केलेल्या महिलांपैकी साडेचार वर्षांनंतर कॅन्सरमुक्त असलेल्यांचे प्रमाण ८६ टक्के होते, तर पोट उघडून ऑपरेशन केलेल्यांत ९६.५ टक्के. जखम लहान, पण निकाल वाईट. त्यानंतर जगभरात या कॅन्सरसाठी जुनी पद्धतच पुन्हा पुढे आली.

गुदाशयाच्या कॅन्सरवर ४७१ पेशंटचा अभ्यास २०१७ मध्ये आला. दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन मध्येच पोट उघडून करावे लागण्याचे प्रमाण रोबोमुळे ठळकपणे कमी होते, असे त्यात दिसले नाही. म्हणजे कोणते यंत्र चांगले, हे आजारावर अवलंबून असते.

दुरून उपचार : हृदयाचे पहिले उदाहरण गुजरातचेच

७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसून डॉ. जाक मारेस्को यांनी फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमधल्या महिलेचे पित्ताशय रोबोने काढले. हृदयाच्या बाबतीत असा पहिला मान गुजरातकडे जातो. डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिर परिसरात बसून सुमारे ३२ किलोमीटर दूर अहमदाबादच्या दवाखान्यातल्या पेशंटची अँजिओप्लास्टी रोबोने केली. अँजिओप्लास्टी ही कापून केलेली शस्त्रक्रिया नव्हे, पण दुरून उपचाराचा मार्ग त्याने दाखवला.

दोन्ही वेळी पेशंटजवळ डॉक्टरांची पूर्ण टीम उभी होती. लाईन तुटली, रक्तस्राव झाला, तर हात घालायला माणूस तिथेच लागतो. त्यामुळे धडगाव-अक्कलकुव्यात यंत्र ठेवले आणि डॉक्टर सुरतेत बसले, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. भूलतज्ज्ञ, नर्स, रक्तपेढी आधी लागते.

एका कागदाची किंमत

महागड्या यंत्रांच्या चर्चेत एक साधी गोष्ट राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची तपासयादी आणली : पेशंटचे नाव, कोणती बाजू, अ‍ॅलर्जी, कापसाचे बोळे-सुया मोजल्या का, वगैरे. आठ शहरांतल्या आठ दवाखान्यांत ती वापरल्यावर ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यंत्र असो वा नसो, ही यादी प्रत्येक थिएटरला परवडते.

पैसे आणि कार्ड

रोबोची हत्यारे ठराविक वेळा वापरून बदलावी लागतात. जादा बिलाचे हे एक मोठे कारण. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार आरोग्य विम्यात रोबोटिक शस्त्रक्रिया थेट वगळता येत नाही. पण कंपनी तिच्यावर खर्चाची मर्यादा घालू शकते. पॉलिसीतली ती ओळ आधी वाचावी.

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे, आणि ते दुसऱ्या राज्यातल्या यादीतील दवाखान्यातही वापरता येते. गुजरातने आपल्या लाभार्थ्यांसाठी जुलै २०२३ पासून ही रक्कम १० लाख केली. महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेचा लाभ सीमेपलीकडे आपोआप मिळेल, असे मात्र धरून चालू नये. भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्य मित्राकडून खात्री करून घ्यावी.

सही करण्याआधी

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले, की संमती घेताना आजार, उपचार, पर्याय आणि धोके पेशंटला समजावून सांगणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. फॉर्म गुजराती किंवा इंग्रजीत असला तर मराठीत किंवा हिंदीत सांगा म्हणणे हा हक्क आहे, उपकार नव्हे. विचारायचे ते असे :

– माझ्या आजारात रोबोने नेमका काय फायदा? साध्या दुर्बिणीने चालेल का?
– तुम्ही स्वतः या पद्धतीने अशी किती ऑपरेशने केलीत?
– मध्येच पोट उघडावे लागले तर? त्याचा खर्च वेगळा का?
– एकूण बिल किती, रोबोचे त्यात किती?
– गावी परतल्यावर टाके, ड्रेसिंग, ताप यांसाठी कुणाला दाखवायचे?

घरी निघताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि स्कॅनची सीडी सोबत घ्यावी. पेशंटने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत देण्याचा नियम आहे. १४ अंकी आभा क्रमांक काढला असेल तर नोंदी त्याला जोडून घ्याव्यात. रात्री दोन वाजता नवापूरला किंवा साक्रीला ताप चढला, तर तिथल्या डॉक्टरला आत काय केले आहे हे याच कागदांवरून कळणार आहे.