खवल्यांची साक्ष

पनवेल हे मूळचे तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, लेंडाळे, विश्राळे अशी यमक जुळवल्यासारखी त्यांची नावे. त्यांत एकच निराळे: इस्राएल तळे. लहानपणी आम्हा पोरांना त्याचे नवल वाटले नाही. आमचे लक्ष नावाकडे नसे, पाण्याकडे असे.

बांबूची काठी, दोरा, गळ आणि गांडुळे एवढ्या भांडवलावर आमचा धंदा चाले. मिळत त्या बहुधा वीतभर चिलाप्या. हा मासाही पाहुणाच; 1952 साली बाहेरून आपल्या देशात आणलेला. नशीब उघडले तर मरळ, रुसले तर शिंगटी. तिचा काटा लागला की हात रात्रभर ठणके.

आमच्या आळीत एक वृद्ध बेने इस्राएल बाई राहत. सारे त्यांना मावशी म्हणत. मासे नेले की त्या सुपात ओतायला लावत आणि निवडत बसत. चिलापी, मरळ ठेवून घेत. शिंगटी परत माझ्या हाती.

एकदा मी रडवेला होऊन म्हणालो, "मावशी, हिच्यापायी हात सुजला माझा. घ्या की!"

"बाळा, हिच्या अंगावर खवले कुठेत? पर नि खवले, दोन्ही हवेत आम्हाला."

मग त्या विळीवर खवले काढत. चिखलाचा वास जावा म्हणून मीठ, हळद नि चिंचेचा कोळ चोळून ठेवत. आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून नारळाच्या दुधात कालवण करीत. वाटीभर आमच्याकडेही येई.

पुढे मास्तर झालो, चार पुस्तके चाळली, तेव्हा त्या सुपाचा अर्थ लागला. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना गाव 'शनवार तेली' म्हणे. परंपरा सांगते की, दाविद रहाबी नावाचा धर्मबंधू कोकणात आला. त्याने बायकांपुढे सरमिसळ मासे ठेवले. त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला सारले आणि त्याला ओळख पटली. ही घटना कोणी हजार वर्षांपूर्वीची मानतात, कोणी अठराव्या शतकातली. ग्रंथ हाताशी नव्हते. धर्म स्वयंपाकघराने जपला होता.

पनवेलचे बेथ एल प्रार्थनामंदिर 1849 सालचे. 1948 साली इस्राएल राष्ट्र झाले आणि कोकणातली घरे एकेक करून रिकामी होऊ लागली. पण तिथे पोचल्यावर काय झाले? 1962 साली तिथल्या धर्मपीठाने विवाहापूर्वी यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. लोकांनी निदर्शने केली, सत्याग्रह केला; शेवटी 1964 साली तिथल्या संसदेने हे सर्वार्थाने यहुदीच, असे जाहीर केले. रहाबीला जी साक्ष सुपभर माशांत मिळाली, तिच्यासाठी ठराव करावा लागला!

मावशीही अखेर मुलांकडे गेल्या. निघण्याच्या आदल्या दिवशी मी दोन चिलाप्या नेऊन दिल्या. त्यांनी हसून सूप पुढे केले आणि सवयीने दोन्ही निवडून पाहिल्या.

आता बाजारात मासा घेताना माझा अंगठा आपोआप त्याच्या अंगावरून उलटा फिरतो. खवले लागले की मावशींचे सूप डोळ्यांपुढे येते. बायको म्हणते, "घ्यायचा तर घ्या, परीक्षा कसली घेता?"