रविवार कोणाचा?



गटाची बैठक रविवारी ठेवली की आपल्यातल्या कॅथलिक मैत्रिणी आधीच सांगतात, “मिस्सा झाली की येतो.” बाकीच्या आम्ही विचारतो, एक रविवार नाही गेलं तर काय बिघडते? त्याचं उत्तर इतिहासात आहे.

ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून यहुदी लोक शनिवार पाळत. त्यांच्या दहा आज्ञांपैकी एक सांगते की सहा दिवस काम करावं, सातवा दिवस देवाचा. त्या दिवशी तुम्ही, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, गावात राहणारा परका, कोणीच राबायचं नाही. आपण पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही, तसंच. पण दर आठवड्याला आणि सर्वांसाठी.

येशू मरणातून उठला तो दिवस रविवार, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. म्हणून त्यांनी रविवार धरला. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना भाकर आणि द्राक्षारस वाटून दिला आणि आपल्या आठवणीसाठी हे करत राहायला सांगितलं. तीच मिस्सा. ती एकट्याने घरी करायची पूजा नाही, सगळ्यांनी मिळून बसायची पंगत आहे.

सुरुवातीला रविवारी सुटी नव्हती, उलट धोका होता. इ.स. 304 मध्ये रोमन बादशहाने अशा जमण्यावर बंदी घातली होती. आजच्या ट्युनिशिया देशातल्या अबिटिना गावचे 49 जण तरीही एका घरी जमले आणि पकडले गेले. त्यांत बायाही होत्या. रविवारच्या या जमण्याशिवाय आम्ही जगू शकत नाही, असं त्यांनी न्यायाधीशाला सांगितलं आणि जीव दिला. पुढे 321 मध्ये बादशहा कॉन्स्टंटाइनने रविवारी सुटी दिली, पण शहरात. पेरणीचा हंगाम हातचा जाऊ नये म्हणून शेतीला त्यातून वगळलं.

आपल्या महाराष्ट्रात वसईचे मराठी कॅथलिक पोर्तुगीज काळापासून रविवार पाळतात. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, मिस्सा राहिली. ती लॅटिन भाषेत चाले. 1962 ते 1965 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली आणि प्रत्येक बाईला समजू लागली.

मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र रविवारची सुटी देवळाने किंवा चर्चने दिली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ती मागितली. 1890 च्या मोठ्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. 10 जून 1890 ला सुटी मिळाली.

आता आपलं पाहू. दहा आज्ञांच्या त्या यादीत मुलगी आहे, दासी आहे, बैलही आहे. बायकोचं नाव वेगळं घेतलेलं नाही. आपल्या घरीही तसंच आहे. रोवणी असो की विड्या, रविवारी पोरं घरी म्हणून चूल जास्तच पेटते.

येत्या बैठकीत एवढंच ठरवू: आठवड्यातून दोन तास प्रत्येक बाईचे. मिस्सेला जायचं तिने मिस्सेला जावं, बाकीच्यांनी हवं तर झोपावं. त्या वेळी चुलीपाशी कोण बसेल, हे मात्र आजच घरी विचारा. न मागता सुटी कोणालाच मिळाली नाही.