गावच्या दवाखान्यावर आणि अंगणवाडीवर देखरेख कोणाची? तक्रार नेमकी कुठे करायची?

उपकेंद्राला कुलूप, सिस्टर आठवड्यातून दोनदाच येते, अंगणवाडीतली खिचडी नुसती पाणी, आजीचा निराधारचा पगार तीन महिने आला नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा तक्रारी रोज पडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या गुड मॉर्निंगखाली दबून जातात. ग्रुपवरच्या फोटोला उत्तर देणे कोणत्याही साहेबावर बंधनकारक नाही. ग्रामसभेच्या ठरावाला मात्र उत्तर द्यावे लागते, आणि तेही मुदतीत.

१९९३ साली लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी राज्यघटनेत घातली. दवाखाने, कुटुंबकल्याण, महिला व बालविकास, दिव्यांग आणि दुर्बल घटकांचे कल्याण हे सगळे त्या यादीत आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात तर त्याहून ठोस तरतूद आहे. गावात काम करणाऱ्या सरकारी, निमसरकारी आणि पंचायतीच्या कर्मचाऱ्यांवर, त्यांच्या हजेरीसह, ग्रामसभेचे शिस्तविषयक नियंत्रण राहील असे त्यात लिहिले आहे. कर्मचाऱ्यांच्या कामाचे वर्षातून एकदा मूल्यमापन ग्रामसभेने करायचे आणि काही गैर आढळले तर पंचायतीमार्फत गटविकास अधिकाऱ्याला, म्हणजे बीडीओला कळवायचे. बीडीओने तीन महिन्यांत ते प्रकरण निकाली काढायचे. नाही काढले तर ते जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे जाते.

याचा अर्थ ग्रामसभा सिस्टरची बदली करू शकते किंवा डॉक्टरला निलंबित करू शकते असा कोणी घेऊ नये. तो अधिकार वरच्यांचाच. ग्रामसभेच्या हातात आहे ते कळवणे आणि मुदत सुरू करून देणे. ही मुदत कागद पोचल्यावर सुरू होते. सभेत चार जण तावातावाने बोलले, सरपंच "बघू" म्हणाले आणि प्रोसिडिंगमध्ये "आरोग्य विषयावर चर्चा झाली" एवढीच ओळ पडली, तर काहीच सुरू होत नाही. बहुतेक गावांत गाडी इथेच अडते.

ठराव कसा असावा

"आरोग्य सेवा सुधाराव्यात" असा ठराव वरचे लोक फाईलला लावून मोकळे होतात. त्यापेक्षा कोणत्या तारखांना उपकेंद्र बंद होते, किती वाजता, लसीकरणाचा ठरलेला दिवस कोणत्या महिन्यात चुकला, हे लिहावे. महिनाभर एका साध्या वहीत तारीख आणि वेळ टिपून ठेवली तरी पुरे. आजारी माणसाचे नाव आणि आजार ठरावात घालू नये, त्याची गरज नसते. सभा संपायच्या आत ठराव वाचून दाखवायला लावावा, त्याची नक्कल घ्यावी, पंचायतीचा जावक क्रमांक घ्यावा आणि पंचायत समितीत आवकचा शिक्का मारलेली पोच ठेवावी. ग्रामसेवक (आता पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी) नक्कल द्यायला टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

गणपूर्तीचेही लक्षात ठेवावे. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढे लोक सभेला लागतात. शंभर माणसे जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला नेहमीचे दहा जण ठराव उरकतात. ज्यांच्या घरी गरोदर बाई किंवा लहान मूल आहे ती मंडळी त्या दहांत क्वचितच असतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. अंगणवाडी आणि बाळंतपणाच्या तक्रारी तिथे जास्त मोकळेपणाने निघतात.

कोण कोणाच्या हाताखाली

चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनाभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे असते. त्यासाठी तालुका आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय झेडपीचे नाही, ते राज्य शासनाचे असते आणि तिथली तक्रार जिल्हा शल्य चिकित्सकांकडे जाते. १०८ची गाडीही राज्य पातळीवरून चालते, तिच्यासाठी सरपंचाला धरून उपयोग नाही. अंगणवाडीसाठी आधी पर्यवेक्षिका, मग बालविकास प्रकल्प अधिकारी. निराधारचा पगार तहसील कचेरीतून होतो. संजय गांधी निराधार योजनेसाठी तालुक्याची समिती असते आणि ती बीडीओच्या हाताखाली येत नाही.

आशाताईला शिव्या घालून काही मिळत नाही, हेही इथे सांगायला हवे. ती पगारी नोकर नाही, मोबदल्यावर काम करते. गावातच राहते म्हणून ती सापडते, इतकेच. आरोग्य सेविकेचे पद रिकामे असेल तर ते भरायचे काम जिल्ह्याचे आहे. ठरावात तसे स्वच्छ "पद रिक्त आहे" लिहावे. रिकाम्या पदाची तक्रार हजर असलेल्या माणसाच्या नावावर जाऊ देऊ नये.

समित्या कागदावर

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, तेव्हा प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती करायचे ठरले. गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करायला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी ठेवला होता. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती, आणि अबंधित व देखभालीचा निधी धरून अभियानाच्या निकषाने वर्षाला १ लाख ७५ हजार रुपये. आपल्या गावच्या समितीत कोण आहे हे विचारून पाहावे. सदस्य झाल्याचे त्या सदस्यालाच माहीत नसते, असे सर्रास दिसते. या पैशाचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो आणि मागितलाच पाहिजे. फिनेल, झाडू आणि झेरॉक्सची बिले वर्षानुवर्षे तीच निघत असतील तर पाण्याची टाकी किंवा बाळंतिणीच्या खोलीचा पंखा का नाही, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

वरच्या पातळीवर झेडपीची आरोग्य समिती आणि महिला व बालकल्याण समिती देखरेख करते. पण मार्च २०२२ पासून आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या आणि राज्यातल्या बहुतेक झेडपींवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिले. त्या काळात निवडून आलेला सदस्यच नाही, मग समितीत प्रश्न कोण विचारणार? गावाकडे उरली ती ग्रामसभाच.

हे कागदावरचे काम प्रत्यक्षात होते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच आपल्या दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल असे रंग देऊन प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत ते डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. बाहेरून औषधे आणायला लावणे, पैसे घेणे, मुक्कामी न राहणे या गोष्टी तिथे तोंडावर विचारल्या गेल्या.

पैशाचा मुद्दा आजही तपासण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. कोणी मागितले तर पावती मागावी. अंगणवाडीतही मोजमाप ठरलेले आहे. २०१३ च्या मूळ अन्न सुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळतील इतका आहार ठरवला होता, गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० उष्मांक. खिचडी पातळ आहे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा वजनाची नोंदवही बघावी. एकाच मुलाचे वजन तीन महिने हलत नसेल तर तो प्रश्न सभेत यावा, मुलाचे नाव न घेता.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. हा पैसा गावातच असतो, त्यासाठी तालुक्याला हेलपाटे नकोत. गावात दिव्यांग किती आणि मागच्या वर्षी कोणाला काय दिले, ही यादी ग्रामसभेत वाचून घ्यावी.

पेसा क्षेत्रातल्या पाड्यांना आणखी एक आधार आहे. १९९६ च्या त्या कायद्यात सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला व पंचायतीला देण्याची तरतूद आहे, आणि महाराष्ट्राचे नियम २०१४ साली झाले. तिथे पाड्याची वेगळी ग्रामसभाही घोषित करून घेता येते. मोठ्या गावच्या सभेत ज्या पाड्याचा आवाज पोचत नाही, त्याने हे काम आधी करावे.