दप्तरातले पूर्वज

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : पुण्याच्या पेशवे दफ्तरात आमच्या घराण्याचा इतिहास सापडेल का? सापडेल. पण तिथले कागद घराण्यांसाठी लिहिलेले नाहीत. ते वसुलीसाठी, हिशेबासाठी आणि दाव्यांसाठी लिहिलेले आहेत. तुमचे पूर्वज तिथे भेटतात ते सरकारला काही देताना, नाहीतर सरकारकडे काही मागताना.

पुणे अभिलेखागाराची दगडी इमारत १८९१ची. आत फडक्यात बांधलेले हजारो रुमाल आहेत, बहुतेक मोडीत. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडून ४५ खंड छापले, तरी ती समुद्रातली ओंजळच. तिथे जाऊन आडनाव सांगितलंत तर फारसा उपयोग होत नाही. गाव सांगा, तर्फ सांगा, परगणा सांगा. कित्येक कागदांत आडनाव नसतंच. अमुक ‘बिन’ तमुक म्हणजे तमुकचा मुलगा, आणि ‘कोम’ म्हणजे बायको. हे दोन शब्द ओळखता आले की निम्मी वाट सरली.

आता आमच्याच घरचं उदाहरण घेऊ. आमचं गाव भीमेकाठचं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की मूळ पुरुष पानिपतावर पडला, त्याची तरुण विधवा दोन पोरांना घेऊन पुण्याला गेली आणि पेशव्यांनी तिला जमीन दिली. लढाईत पडलेल्यांच्या मुलांसाठी अशी तजवीज होत असे, तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. तेव्हा गोष्ट अशक्य मुळीच नाही. रीतसर अर्ज केला, मोडी जाणणाऱ्या एका तरुण अभ्यासकाला सोबत घेतलं आणि आम्ही घरातले तिघे चार दिवस रुमाल सोडत बसलो. तिसऱ्या दिवशी इनाम कमिशनपुढे दिलेली आमच्या घराण्याची कैफियत निघाली.

त्या कैफियतीत पानिपत नाही. जमीन गावच्या मारुतीच्या दिवाबत्तीसाठी दिली, असं तिच्यात लिहिलंय. सनदेचं साल ‘समान खमसैन मया व अलफ’. हे अरबी आकडे उलट वाचायचे नसतात, नुसते बेरजेला घ्यायचे : आठ, पन्नास, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११५८. त्यात ५९९ मिळवले की १७५७च्या मृगापासून सुरू होणारं वर्ष येतं. पानिपत झालं जानेवारी १७६१मध्ये. म्हणजे मूळ पुरुष पडायच्या तीन वर्षं आधीच जमीन घरात आलेली!

आमच्याबरोबरचा पुतण्या लगेच म्हणाला, “काका, संपलं. आजीची गोष्ट खोटी.” नव्वदीच्या पुढच्या थोरल्या चुलत्यांना हे कसं सांगायचं, याची त्याला काळजी लागली. आम्ही म्हटलं, थांब. हा कागद कुणी, कधी, कशासाठी लिहिला ते आधी बघू.

इनाम कमिशन १८५२च्या अकराव्या कायद्याने बळकट झालं. करमाफीच्या जमिनी कुणाकडे कशा आल्या याचा पुरावा मागायचा आणि तो पटला नाही तर सारा बसवायचा, हे त्याचं काम. पेशव्यांचं दफ्तर इंग्रजांनी इतकं जपलं त्यामागेही हेच मोठं कारण होतं. लोकांचे दावे ताडून पाहायला ते हाताशी हवं होतं. कायद्याच्या नियमांत देवस्थानाच्या जमिनी कायम चालवायच्या होत्या. खाजगी इनाम असेल तर इंग्रजी अंमलाआधी साठ वर्षांची वहिवाट आणि पुरुष वंशातला वारस दाखवायचा.

आता पुन्हा कागद बघा. जमीन देवाची. साल असं की १८१८पर्यंत बरोबर साठ वर्षं भरतात. शिवाय खाली चार पिढ्यांची वंशावळ, सगळे पुरुष. घरच्या गोष्टीतली मुख्य व्यक्ती ती बाई, आणि कागदात ती नाहीच. नियमाने पुरुष वंश विचारला, तेव्हा उत्तरात पुरुषच लिहिले गेले. खोटं लिहिलं असं आमचं म्हणणं नाही. पण ज्याची जमीन जाऊ घातलीय तो माणूस इतिहास सांगत नसतो, जबाब देत असतो. हे उत्तर वाचताना प्रश्न शेजारी ठेवायलाच हवा. शुद्ध पुरावा नावाची वस्तू तत्त्वज्ञानाच्या वर्गात बरी चालते, रुमालात क्वचित सापडते.

हे जुन्या काळापुरतं आहे असं समजू नका. सप्टेंबर २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला शासनाने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. खापरपणजोबांबद्दल कुणा कारकुनाने लिहिलेल्या एका शब्दावर आज नातवाचा प्रवेश अडतो किंवा सुटतो. त्या कारकुनाला काय विचारलं होतं, हे कोण बघतं?

तर चौथ्या दिवशी आम्ही कैफियत बाजूला ठेवून पेशवाईतलाच गावचा हिशेब मागवला. सन ‘इहिदे सबैन’, म्हणजे १७७०-७१. त्यात गावच्या एकूण जमेतून इनामाची वजावट आहे, आमच्या मूळ पुरुषाच्या थोरल्या मुलाचं नाव आहे, रक्कम आहे. कारण लिहिलेलं नाही. सरकारला किती बुडतं तेवढं कळलं की पुरे होतं. जमीन पानिपताच्या आधी आली की नंतर, ते या नोंदीवरून ठरत नाही.

थोरल्या चुलत्यांना आम्ही दोन्ही कागद वाचून दाखवले. त्यांनी विचारलं, बाईचं नाव कुठे आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग अजून शोधा. बालपरवेशीच्या याद्या वेगळ्या निघतात का, ते आता पाहायचं आहे.